समीकरणे लिहिणाऱ्या एका आज्ञावलीचे परीक्षण

टंकलेखन यंत्राला वर्गमुळाची कळ नसे. गणिताची प्रश्नपत्रिका तयार करताना टंकलेखक तेवढी जागा मोकळी सोडी, आणि शिक्षक मागाहून टोकदार लेखणीने स्टेन्सिलवर ते चिन्ह कोरीत. हात जरा जड पडला की स्टेन्सिल फाटे आणि सायक्लोस्टाइल केलेल्या सगळ्या प्रतींवर चिन्हाच्या जागी शाईचा डाग येई. ज्यांनी हे केले आहे त्यांना संगणकावर पहिल्यांदा दोन मजली अपूर्णांक सुबक उमटलेला पाहून काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

तो अपूर्णांक उमटवणाऱ्या आज्ञावलीचे नाव इक्वेशन एडिटर. वर्डमध्ये इन्सर्ट, मग ऑब्जेक्ट, आणि यादीतून मायक्रोसॉफ्ट इक्वेशन ३.० निवडले की एक छोटी पट्टी उघडे. तिच्यावर अपूर्णांक, मूळ, घातांक, संकलन, सारणी यांचे साचे असत. साचा निवडायचा, रिकाम्या चौकटीत आकडे भरायचे, की झाले. ही आज्ञावली मायक्रोसॉफ्टची स्वतःची नव्हती. कॅलिफोर्नियातील डिझाइन सायन्स या कंपनीने आपल्या मॅथटाइप या मोठ्या आज्ञावलीची ही लहान आवृत्ती करून दिली होती, आणि विंडोजवरील वर्डच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती वर्डसोबत येऊ लागली. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये ती काढून टाकली. मधल्या पाव शतकात जगभरच्या शिक्षकांनी तिच्यावर किती प्रश्नपत्रिका काढल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आपण पाठ्यपुस्तकांचे परीक्षण करतो, प्रयोगाच्या साहित्याचे करतो, प्रदर्शनातल्या प्रतिकृतींचेही करतो. आज्ञावलीचे मात्र करत नाही. ती हवेसारखी आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक आज्ञावली हेही कोणीतरी लिहिलेले लिखाणच असते, आणि त्यात शैली असते, आळस असतो, कधी कधी घोडचूकही असते. या आज्ञावलीतील एका चुकीमुळे पुढे जे घडले ते शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. आज्ञावली आपल्या रोजच्या वापरातली होती हे त्याचे एक कारण. ही चूक नववीच्या वर्गालाही फळ्यावर समजावून सांगता येते, हे दुसरे.

आधी गुणांविषयी. समीकरण म्हणजे एका ओळीत ओढलेली अक्षरांची माळ नाही, त्याला आतली बांधणी असते, हे या आज्ञावलीने ओळखले होते. अंश आणि छेद हे दोन वेगळे कप्पे आहेत, घातांक हा पायाला चिकटलेला आहे, हे तिला कळत असे. विद्यार्थी जेव्हा २क + ३ भागिले ५ असे सरळ ओळीत लिहितो आणि भागाकार नेमका कशाचा हे सांगता येत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकी हीच बांधणी नसते. साचे वापरून समीकरण लिहिणाऱ्याला हा गोंधळ घालताच येत नसे. अध्यापनाच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे ती पुसली जात नाही.

आता चुकीकडे वळू. समीकरण फाइलमध्ये साठवताना त्यासोबत ते कोणत्या फॉन्टमध्ये आहे हेही साठवावे लागते. फाइलमध्ये खुद्द फॉन्ट नसतो, फक्त त्याचे नाव असते. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या काळात एका संगणकावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर नेला की तो फॉन्ट तेथे नसल्यामुळे सगळा चिवडा दिसे, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. तर, इक्वेशन एडिटर फाइलमधून फॉन्टचे नाव वाची आणि स्मृतीमध्ये त्यासाठी राखलेल्या थोड्याशा जागेत ते अक्षरामागून अक्षर उतरवून घेई. नाव संपेपर्यंत उतरवत राहायचे, एवढीच सूचना होती. नाव त्या जागेत मावते का, हे पाहण्याची सूचना नव्हती.

फॉन्टचे नाव ते केवढे असणार, असे लिहिणाऱ्याला वाटले असावे. पण नाव फाइलमधून येते, आणि फाइल कोणीही बनवू शकतो.

याचा परिणाम वर्गात असा दाखवता येईल. फळ्यावर एका ओळीत आठ घरे काढावीत. पहिली सहा घरे नावासाठी, शेवटची दोन परतीच्या पानासाठी. एका विद्यार्थ्याला यंत्र करावे. तो एका पुस्तकाचे ४७ वे पान वाचत आहे. तेथे त्याला सूचना मिळते की, चिठ्ठीवरचे नाव फळ्यावर उतरव आणि परत ये. परत कोठे यायचे हे विसरू नये म्हणून तो आधी शेवटच्या दोन घरांत ४ आणि ७ लिहून ठेवतो. मग चिठ्ठी उघडतो. चिठ्ठीत ‘पांडुरंग’ असेल तर चार घरे भरतात, दोन रिकामी राहतात, आणि तो निमूटपणे ४७ व्या पानावर परत जातो. आता दुसरी चिठ्ठी द्यावी. तिच्यावर नाव म्हणून लिहिले आहे : क क क क क क ९ २. विद्यार्थी सूचनेप्रमाणे एकेका घरात एकेक अक्षर लिहीत जातो. सहा घरे भरतात, तरी नाव संपलेले नाही, म्हणून तो पुढच्या घरातला ४ पुसून ९ लिहितो आणि ७ पुसून २ लिहितो. काम झाले. मग शेवटची दोन घरे पाहतो आणि ९२ व्या पानावर जातो. त्या पानावर काय आहे हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते.

यंत्राने कोठेही आज्ञाभंग केलेला नाही, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. त्यांना आणखी एक प्रश्न विचारावा : सूचनेत कमीत कमी किती शब्द वाढवले तर ही फसवणूक बंद होईल? ‘सहा अक्षरे झाली की थांब’ हे उत्तर बहुधा लगेच येईल. मग कोणी तरी विचारील की, खरेच सात अक्षरांचे नाव आले तर? त्या नावाचे काय करायचे, कापायचे की नाकारायचे, यावर वर्गात जो वाद होईल तो संगणकशास्त्राच्या चांगल्या तासाइतका मोलाचा आहे.

इक्वेशन एडिटरमध्ये प्रत्यक्षात आकडे असे होते : नावातील पहिल्या चव्वेचाळीस अक्षरांनंतरची चार अक्षरे बरोबर परतीच्या पत्त्यावर जाऊन बसत. हल्ला करणाऱ्यांनी तेथे त्याच आज्ञावलीतील एका तयार सूचनेचा पत्ता बसवला, आणि ती सूचना होती ‘दुसरी आज्ञावली सुरू कर’. कोणती सुरू करायची? ते आधीच्या चव्वेचाळीस अक्षरांतच लिहिलेले असे. नाव म्हणून दिलेला मजकूर हुकूम म्हणून वाचला गेला. संगणकात माहिती आणि आज्ञा एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या अंकांनी लिहिलेल्या असतात. ही व्यवस्था जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने ओळखली जाते. संगणकाची सारी लवचीकता तिच्यातून आली आहे, आणि ही दुखणीही तिच्यातूनच आली आहेत.

या प्रकारच्या चुका नव्या आहेत असे कोणी समजू नये. अमेरिकी हवाईदलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली लिहिलेल्या अहवालात हा धोका नोंदवलेला आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार संगणकांत शिरला. त्याची एक वाट हीच होती : ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरे. ती जागा भरण्यासाठी सी भाषेतील गेट्स नावाचे कार्य वापरलेले होते. (बिल गेट्स यांचा त्याच्याशी संबंध नाही.) त्या कार्याला जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. सीच्या प्रमाणभूत व्याख्येतून ते काढले गेले २०११ साली, म्हणजे किड्यानंतर तेवीस वर्षांनी. मॉरिसच्या किड्याची दुसरी वाट होती टपाल वाहणाऱ्या सेंडमेल या आज्ञावलीतली एक उघडी राहिलेली फट. सेंडमेल हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे ट्रॉम्बेला पुन्हा येणार आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये तर परतीचा पत्ता कसा बदलावा याची पायरीपायरीने कृती देणारा लेख फ्रॅक या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पाककृतीसारखा हातोहाती गेला.

इक्वेशन एडिटरची जी प्रत २०१७ पर्यंत वापरात होती ती तयार झाली ९ नोव्हेंबर २००० रोजी. म्हणजे अँडरसन अहवालानंतर अठ्ठावीस वर्षांनी, मॉरिसच्या किड्यानंतर बारा वर्षांनी आणि त्या लेखानंतर चार वर्षांनी. त्या काळी हे कोणाला माहीत नव्हते, असे म्हणण्याला जागा उरत नाही.

भाषेचा दोष म्हणावा तर तोही अपरिहार्य नव्हता. साठच्या दशकात इंग्लंडमधील एलियट या कंपनीत टोनी होअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्गोल भाषेसाठी जे भाषांतरयंत्र तयार केले, त्यात यादीतील प्रत्येक घराला हात लावण्यापूर्वी ते घर यादीत आहे ना, हे तपासले जाई. यात वेळ जातो, म्हणून ग्राहकांना पुढे विचारण्यात आले की, वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का? ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटले. आपल्या हातून अशा चुका किती होतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. होअर यांनी ही हकीकत १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना सांगितली, आणि भाषा घडवणाऱ्यांनी त्यातून अजून काही घेतलेले नाही अशी खंतही व्यक्त केली. पुढे २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी जाहीर केले की, दरवर्षी आपण बुजवतो त्या सुरक्षाविषयक फटींपैकी सुमारे सत्तर टक्के स्मृतीच्या अशा गैरवापरातून आलेल्या असतात. रस्टसारख्या, ही तपासणी भाषेतच बांधून देणाऱ्या भाषांकडे मोठ्या कंपन्या वळल्या त्या त्यानंतर.

चूक करणे हा एक भाग झाला. चूक असलेली वस्तू सांभाळणे हा दुसरा, आणि माझी मुख्य तक्रार तेथे आहे. ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत समीकरणे लिहिण्याची नवी, अंगभूत सोय आली. जुन्या इक्वेशन एडिटरची गरज तेथे संपली होती. पण जुन्या फाइलींतली समीकरणे उघडता यावीत म्हणून ती आज्ञावली जशीच्या तशी नव्या ऑफिसात ठेवण्यात आली. हेतू चांगला होता. दरम्यानच्या काळात वर्डला आणि विंडोजला नवनवी कवचे चढवली गेली. माहितीसाठी राखलेल्या स्मृतीतून आज्ञा चालवू न देणे, आज्ञावली दर वेळी वेगळ्या पत्त्यावर ठेवणे, परतीच्या पत्त्याशेजारी खूणगाठ मारून ठेवणे असे हे उपाय होते. आपल्या फळ्यावरच्या खेळात पुस्तकाच्या पानांचे क्रमांक रोज बदलले, तर ९२ लिहिणाऱ्याला आपण कोठे पोहोचू हे सांगता येणार नाही, असा त्यातल्या एकाचा अर्थ. इक्वेशन एडिटर मात्र वर्डच्या पोटात न चालता शेजारी स्वतंत्रपणे चाले आणि तिची प्रत २००० सालची होती. त्यामुळे यातले एकही कवच तिच्या अंगावर नव्हते. घराच्या दर्शनी दाराला तीन कुलुपे आणि मागच्या माडीचा जिना उघडा, असा हा प्रकार सतरा वर्षे चालला.

ही फट एम्बेडी या कंपनीच्या संशोधकांनी शोधली आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यावरची दुरुस्ती प्रसिद्ध केली. जागतिक नोंदवहीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१७-११८८२ असा आहे. दुरुस्ती कशी केली होती हे पाहून जाणकार चकित झाले. स्लोव्हेनियातील अ‍ॅक्रॉस सिक्युरिटीच्या तज्ज्ञांनी जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून ताडून पाहिली. आतली बाकीची सगळी कार्ये जुन्याच पत्त्यांवर होती. मूळ लिखाणात बदल करून आज्ञावली नव्याने भाषांतरित केली असती तर असे झाले नसते. निष्कर्ष एवढाच निघत होता की, कोणी तरी तयार आज्ञावलीतील अंकच हाताने बदलले होते आणि जास्तीच्या तपासणीसाठी लागणारी जागा आसपासच्या सूचना आखडून काढली होती. छापलेल्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत ब्लेडने अक्षर खरवडून दुसरे चिकटवावे तसे हे काम होते, आणि ज्याने केले त्याचे कसब वादातीत आहे. पण जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीवर असे काम करण्याची पाळी यावी, यातच सांभाळणुकीची अवस्था दिसून येते. लवकरच त्याच आज्ञावलीत आणखी फटी सापडल्या, आणि ९ जानेवारी २०१८ च्या सुधारणेने ती सरळ काढून टाकण्यात आली.

आता ट्रॉम्बेकडे येऊ. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जूनच्या आरंभी मिलवर्म असे नाव घेतलेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या काही किशोरवयीन मुलांनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाहेरच्या जगाशी जोडलेल्या संगणकांत प्रवेश मिळवला, तेथला पत्रव्यवहार उतरवून घेतला आणि केंद्राच्या पानावर अणुस्फोटाच्या छत्रीचे चित्र लावले. संवेदनशील काम या जाळ्यावर नव्हतेच, असा खुलासा केंद्राने केला. फट कोणती होती? केंद्राच्या अधिकाऱ्यांच्याच सांगण्याप्रमाणे सेंडमेलमधली, सगळ्यांना ठाऊक असलेली. नवी आवृत्ती उपलब्ध होती, ती आणून बसवलेली नव्हती.

वृत्तपत्रांनी तेव्हा हे प्रकरण ‘पोरांनी अणुकेंद्र फोडले’ अशा थाटात रंगवले. पोरे किती हुशार, आपले शास्त्रज्ञ किती गाफील, एवढ्यावर चर्चा थांबली. दोन्ही निष्कर्ष मला उथळ वाटतात. गाफील म्हणावे तर याच आवारात अप्सरा, सायरस, ध्रुव यांसारख्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि चालवल्या गेल्या. संगणकाचे ज्ञान नव्हते म्हणावे तर येथेच १९६९ साली टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. नावातली पहिली तीन अक्षरे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर अशी आहेत, आणि बारा हा आकडा एका शब्दातील बिटांचा. बारा बिटांत ४०९६ वेगवेगळे आकडे मावतात. एवढ्या काटकसरीच्या यंत्रावर काम करणाऱ्याला स्मृतीतल्या प्रत्येक घराचा हिशेब ठेवावाच लागे. नव्वदच्या दशकात तर अनुपम हा समांतर महासंगणकही याच केंद्राने उभारला. विचारायला हवा होता तो प्रश्न साधा होता : टपाल वाहणाऱ्या यंत्रातली आवृत्ती तपासणे हे कोणाच्या कामाच्या यादीत लिहिलेले होते? अणुभट्टीतल्या झडपेबाबत असा प्रश्न विचारला तर उत्तर तत्काळ मिळते, कारण झडप हे यंत्र आहे असे सगळे मानतात. आज्ञावलीला मात्र एकदा बसवून विसरून जाण्याची वस्तू मानले जाते. शाळांतील संगणकांविषयी हा प्रश्न आजही विचारून पाहावा.

इक्वेशन एडिटरच्या बाबतीत त्याचे उत्तर आकडेवारीतच मिळाले. मे २०२० मध्ये अमेरिकेची सायबर सुरक्षा यंत्रणा आणि एफबीआय यांनी २०१६ ते २०१९ या काळात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या दहा फटींची यादी प्रसिद्ध केली. सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तिघींत ही एक होती. तिच्या शेजारी एप्रिल २०१२ मध्येच दुरुस्त झालेली ऑफिसमधली दुसरी एक फट होती, सीव्हीई-२०१२-०१५८. दुरुस्ती निघून सात वर्षे झाली तरी ती कामी येत होती, कारण दुरुस्ती न लावलेले संगणक भरपूर होते.

महाराष्ट्राला ही २०१२ ची फट परकी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या कंपनीने भारतातील कार्यकर्ते, वकील आणि प्राध्यापक यांच्या संगणकांवर वर्षानुवर्षे झालेल्या हल्ल्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. भीमा कोरेगाव प्रकरणातील काही आरोपींचा त्यात उल्लेख आहे. पाठवलेल्या वर्डच्या फाइलींत हीच फट आणि तिच्यासारख्या आणखी तीन फटी वापरल्याचे त्यात म्हटले आहे. त्या संगणकांत बाहेरून कागदपत्रे घातली गेली, असा आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीचाही निष्कर्ष आहे. तपासयंत्रणेला तो मान्य नाही, आणि खटला न्यायालयासमोर आहे. त्याच्या गुणावगुणांत आपण शिरायचे कारण नाही. एक गोष्ट मात्र खटल्यापासून अलग काढून पाहता येते. राखलेल्या जागेची मोजणी करण्याची एक सूचना राहून गेली, तर त्याचे पर्यवसान माणसाच्या स्वातंत्र्याविषयीच्या वादात होऊ शकते.

यावर आपल्याला जो उपदेश मिळतो तो ‘अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडू नका’ हा. शिक्षकाला तो निरुपयोगी आहे. पालकांचे अर्ज, केंद्रप्रमुखांकडून आलेले तक्ते, कोणा सहकाऱ्याने पुढे ढकललेले परिपत्रक, दुसऱ्या शाळेची नमुना प्रश्नपत्रिका, अशा दुसऱ्यांच्या फाइली उघडणे हेच त्याचे निम्मे काम आहे. ‘मॅक्रो बंद ठेवा’ हा दुसरा उपदेशही येथे लागू पडला नसता, कारण या हल्ल्यात मॅक्रो नव्हताच. समीकरणावर टिचकी मारण्याचीही गरज नसे. फाइल वर्डमध्ये उघडली की पुरे. ऑफिस २०१० पासून बाहेरून आलेल्या फाइलीवर पिवळी पट्टी येते आणि संपादन चालू करण्याविषयी विचारते. त्या अवस्थेत इक्वेशन एडिटर सुरू होत नसे, म्हणजे ही पट्टी खरोखर उपयोगाची होती. पण ती पट्टी कशासाठी आहे हे आपल्याला कधी शिकवले का? बहुतेकांच्या लेखी ती छपाईच्या आड येणारी एक अडचण आहे.

आपल्या राज्यातील संगणक साक्षरतेवर माझा आक्षेप याच ठिकाणी आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम लक्षावधी लोकांनी पूर्ण केला, आणि शिक्षकांच्या वेतनवाढीही त्या प्रमाणपत्राशी जोडल्या गेल्या. खेड्यापाड्यातल्या माणसाची संगणकाची भीती त्याने घालवली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु संगणक शिकणे म्हणजे वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या कळा शिकणे, अशी जी समजूत गावोगावी रूढ झाली, तिच्यात शाळेतल्या संगणकाच्या तासाचाही वाटा आहे. सायकल शिकवताना आपण ब्रेकचे रबर झिजते हेही सांगतो. आज्ञावली झिजत नाही, पण तिच्यातले दोष कालांतराने उघड होत जातात, आणि तेवढ्या अर्थाने ती जुनी होते. प्रश्नपत्रिकेत ‘फाइल सेव्ह करण्याची कळ कोणती?’ हा प्रश्न येतो. ‘आवृत्ती म्हणजे काय आणि ती कोठे पाहतात?’ हा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही. वर्डमध्ये फाइल आणि मग अकाउंट येथे ती दिसते. ऑफिस २००३ चा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच काढून घेतला होता, म्हणून ज्या संगणकावर ते आहे त्याला २०१७ ची दुरुस्ती मिळालीच नाही. असा संगणक शाळेत असेल तर तो जाळ्यापासून आणि इतरांच्या पेनड्राइव्हपासून दूर ठेवून फक्त टंकलेखनाच्या सरावासाठी वापरावा.

राहता राहिला जुन्या प्रश्नपत्रिकांचा प्रश्न. आज्ञावली काढून टाकणे योग्यच होते, पण त्याची किंमत शिक्षकांनी मोजली. जुन्या फाइलीतले समीकरण चित्र म्हणून दिसत राहिले, त्यातला एखादा आकडा बदलायचा म्हटले तर ते उघडेना. काही ठिकाणी एमटी एक्स्ट्रा हा फॉन्ट नसल्यामुळे चिन्हांच्या जागी भलतेच काही दिसू लागले. मायक्रोसॉफ्टने आरंभी मॅथटाइपकडे बोट दाखवले. पुढे ऑफिसच्या वर्गणीच्या आवृत्तीत जुने समीकरण नव्या स्वरूपात बदलून घेण्याची सोय झाली, पण मधला काळ अडचणीचा गेला. यात मूळ दोष साठवणुकीच्या पद्धतीचा आहे. ही समीकरणे आज्ञावलीलाच वाचता येतील अशा अंकांत साठवलेली होती. डोनल्ड नूथ यांच्या टेक् या प्रणालीत समीकरण साध्या अक्षरांत लिहिलेले असते, त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ती पद्धत आजही कोणत्याही संगणकावर वाचता येते. (आपल्या प्रणालीत चूक दाखवणाऱ्याला नूथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत. २५६ ही सोळाच्या पायातली शंभरी आहे, हे विद्यार्थ्यांना पडताळून पाहायला सांगावे.) टेक् शिकायला वेळ लागतो, आणि दर आठवड्याला चाचणी काढणाऱ्या शिक्षकाला तेवढी सवड नसते, हे खरे. त्यांनी निदान जुन्या फाइलींची प्रत काढून ती लिब्रे ऑफिस या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीत उघडून पाहावी. तिला ही जुनी समीकरणे वाचता येतात आणि ती स्वतःच्या, साध्या अक्षरांत लिहिलेल्या स्वरूपात बदलून घेता येतात. बदलताना कंसांची उंची आणि चिन्हांमधले अंतर थोडे इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून प्रत्येक समीकरण छापील प्रतीशी ताडून मगच जुनी फाइल बाजूला ठेवावी.